तिरपी, फाकडी, कात्री आणि राणी

खरं सांगायचं तर या बाईंबद्दल मला फारसं काही ठाऊक नाही. आमच्या दोघांच्या खोल्यांमध्ये एकच भिंत होती, तीही अर्ध्या विटेची. त्यांचं शिवणयंत्र सुरू झालं की माझ्या फळीवरचे कप थरथरायचे. इतकं जवळ राहूनही त्यांचं गाव कुठलं, लग्न झालं होतं का, झालं असेल तर पुढे काय झालं, हे मी कधी विचारलं नाही आणि त्यांनी कधी सांगितलं नाही. मागच्या महिन्यात त्या गेल्याचं त्यांच्या भाचीने फोनवर कळवलं. म्हणाली, "काका, मावशीबद्दल थोडं लिहून द्या, आम्हाला घरात ठेवायचंय." मी म्हटलं, मला लिहिता येत नाही. जन्मभर छापखान्यात पुस्तकं बांधली, पण ती बाहेरून. ती म्हणाली, "तुम्हीच तर तिच्याशी बोलायचात." तेही तितकंसं खरं नाही. बोलायच्या त्या. मी ऐकायचो.

गल्लीत त्यांना टाचणीबाई म्हणत. कपडे अल्टर करून द्यायचं त्यांचं काम. बाह्या आखूड करायच्या, कंबर सैल करायची, उसवलेलं पुन्हा जोडायचं. नवं काही शिवत नसत. म्हणायच्या, "नवं शिवलं की माप चुकलं म्हणून आपल्याला शिव्या. जुनं दुरुस्त केलं की चूक दुसऱ्याची आणि आभार आपले." ओठांच्या फटीत टाचण्या कायम धरलेल्या, आणि त्या न काढताच बोलायच्या, त्यामुळे साधं "या" म्हटलं तरी रागावल्यासारखं वाटायचं. नवीन गिऱ्हाईक दारातच बिचकायचं. मी शेजारी असूनही बिचकायचो. अर्थात मी सगळ्यालाच बिचकतो. दाराची कडी वाजली तरी माझ्या पोटात गोळा येतो.

त्यांच्या खोलीच्या मागे हातभर अंगण होतं आणि त्यात पत्र्याची एक शेड. तिथे चार कोंबड्या होत्या. अंडी विकायच्या नाहीत, कापायच्या तर मुळीच नाहीत. बाजारातल्या कोंबडीवाल्याची पँट दरवर्षी कमरेत सैल करावी लागायची. एकदा ती द्यायला गेल्या तेव्हा त्याने बाजूला टाकलेलं एक पिल्लू त्यांनी पाहिलं आणि उचलून आणलं. पुढे तो स्वतःच असली पिल्लं ठेवून द्यायला लागला. पहिली कात्री. तिच्या चोचीचे दोन भाग एकमेकांवर चढलेले, उघड्या कात्रीसारखे, त्यामुळे दाणा टिपता यायचा नाही. तिला खोल वाटीत मऊ भिजवलेलं खाणं लागायचं आणि मधूनमधून चोच कानशीने घासावी लागायची. मग तिरपी. तिची मान एका बाजूला पिळलेली, सदा आभाळाकडे डोळा लावून बसल्यासारखी. फाकडीचे पाय दोन दिशांना पसरलेले, उभं राहता येत नसे. आणि राणी दोन्ही डोळ्यांनी आंधळी.

मी यात ओढला गेलो तो फाकडीमुळे. एका सकाळी भिंतीवर टकटक झाली.

"भाऊ, पुस्तकाच्या पाठीला लावता ते जाड कापड आहे का घरात?"

"आहे. कशाला?"

"एकीला खुर्ची करायचीय. बसून बसून खालून सोलवटलीय हो."

मला वाटलं, एखादं गिऱ्हाईक असेल. मी सहानुभूतीने विचारलं, "वजन फार आहे का त्यांचं?" टाचण्यांमधून एक विचित्र आवाज आला. त्या हसताहेत हे मला उशिरा कळलं.

मग दोघांनी मिळून ती खुर्ची केली. कापडाची झोळी, तिला पाय खाली सोडायला दोन भोकं, मागे एक मोठं भोक, आणि झोळी टांगायला चौकट. चौकट मी पुठ्ठ्याची केली, कारण मला पुठ्ठाच कळतो. दुसऱ्याच दिवशी पुठ्ठा भिजून मऊ झाला आणि फाकडी चौकटीसकट भुईसपाट झाली. "भाऊ, तुमचं पुस्तक मिटलं," एवढंच त्या म्हणाल्या. नंतर लाकडी पट्ट्या आणल्या. त्या दिवसापासून मी रोज सकाळी त्यांच्या अंगणात जायला लागलो. फाकडीला कोमट पाण्यात धरायचं काम माझ्याकडे होतं. त्या धुवायच्या, मी धरायचो, आणि ती माझा अंगठा टोचायची.

राणीजवळ जाताना मात्र त्या टाचण्या काढून हातात घ्यायच्या. आधी बोलायचं, मग हात लावायचा, असा नियम. "मी आहे गं," म्हणायच्या आणि मग उचलायच्या. तिचं पाण्याचं भांडं, खाण्याची वाटी, बसायचा दांडा, सगळं ठरल्या जागी. झाडताना भांडं बोटभर सरकलं तरी त्या ते परत नीट ठेवायच्या. राणी त्या शेडमध्ये अशी चालायची की परक्याला ती आंधळी आहे हे सांगूनही पटत नसे.

त्या वर्षी ओढ्यापलीकडच्या एका फार्मवर कोंबड्या पटापट मेल्या. बर्ड फ्लू म्हणे. पलीकडच्या सगळ्या कोंबड्या मारून खड्ड्यात पुरल्या. आमची वस्ती त्या हद्दीच्या बाहेर होती, पण फार लांब नव्हती. आमच्याकडे घरोघरी तपासणी होणार आणि आजारी दिसेल तो पक्षी उचलून नेणार, असं ठरलं. दुपारी भोंगा लावलेली गाडी आली. मी कान देऊन ऐकत होतो. भिंतीपलीकडे मशीन चालू होतं.

"नागरिकांनी लक्ष द्यावे. पक्ष्याची मान वाकडी होणे, पायावर उभे राहता न येणे, चाचपडत चालणे, अन्न टिपता न येणे, अशी लक्षणे दिसल्यास…"

मशीन थांबलं.

एखाद्याने शेडमध्ये डोकावून एकेकीला हाक मारावी तशी ती यादी होती. गाडी पुढच्या गल्लीत गेली, तिथून तीच वाक्यं पुन्हा ऐकू आली, मग त्याच्याही पुढच्या गल्लीतून. मशीन काही पुन्हा सुरू झालं नाही. थोड्या वेळाने माझी कडी वाजली. दारात टाचणीबाई. तोंडात एकही टाचणी नव्हती. राणी जवळ नसताना त्यांचे ओठ असे मोकळे मी पहिल्यांदाच पाहत होतो.

"भाऊ, तुमच्या मोरीला खिडकी आहे का?"

"वर झरोका आहे. का हो?"

"बाहेरून आतलं दिसतं?"

मग माझ्या लक्षात आलं. मला नाही म्हणायचं होतं. माझं वय, माझा दमा, आणि आजार माणसालाही लागतो असं त्याच भोंग्यावर सांगितलं होतं. पण त्या दारात उभ्या होत्या आणि त्यांनी हातात हात घट्ट धरून ठेवले होते, सुटले तर पडतील असे. मी म्हटलं, "दिसत नाही."

"कात्री राहू दे शेडमध्ये, ती वाटीतून का होईना खाते," त्या भराभर बोलत होत्या. "एक तरी दिसायला हवी. नाहीतर म्हणतील, शेड आहे, शीट आहे, आणि कोंबडी कुठे उडाली? बाकीच्या तिघी दोन दिवस तुमच्याकडे."

शिवायला आलेल्या कपड्यांच्या गाठोड्यात घालून त्यांनी तिघींना एकेक करून आणलं. समोरच्या व्हरांड्यातूनच यावं लागायचं, दुसरी वाट नव्हती. माझी मोरी ती केवढीशी! फाकडीची चौकट एका कोपऱ्यात, तिरपी तिच्या शेजारी फडक्यात टेकवून, आणि राणी नळाखाली. दार लावून घेतलं आणि मी बाहेर खुर्चीवर बसलो. आंघोळ कुठे करायची हा प्रश्न त्या वेळी सुचलाच नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मालकीणबाई खाली उतरल्या. त्या वर राहायच्या. वाईट बाई नव्हत्या. मुलगी बाळंत होऊन काही महिने झाले होते, ती बाळाला घेऊन राहायला यायची होती, आणि भोंगा ऐकल्यापासून मालकीणबाईंनी तीनदा जिना धुतला होता.

"काय हो, तुमच्या मोरीत काय वाजतंय?"

"बादली," मी म्हणालो.

आतून फाकडी ओरडली.

"बादलीला घसा आलाय वाटतं," मालकीणबाई म्हणाल्या. माझ्याकडे बघत राहिल्या. मी त्यांच्या चपलांकडे बघत राहिलो. "काका, तुम्ही कधी खोटं बोलत नाही म्हणून येत नाही तुम्हाला. हे बघा, मला काही दिसलेलं नाही. पण माझ्याकडे तान्हं बाळ येणार आहे, एवढं लक्षात ठेवा." आणि त्या पुन्हा वर गेल्या. वरून जिना घासल्याचा आवाज यायला लागला.

मी मोरीचं दार किलकिलं केलं. फाकडी आणि तिरपी ठीक होत्या. राणी नळाखालीच होती, काल ठेवली होती तिथेच. पिसं फुलवलेली, शेपूट पडलेलं, मान आत ओढलेली. वाटीतलं खाणं जसंच्या तसं. पाण्याला चोच लावलेली नव्हती. भोंग्यावर शेवटी सांगितलं होतं ते सगळं तिच्यात दिसत होतं. दार लावून मी साबणाने हात धुतले, कोपरापर्यंत. मग माझा घसा दुखायला लागला. मग कपाळ गरम लागलं. आरशात जीभ काढून बघितली. जीभ कशी दिसायला हवी हे मला माहीत नव्हतं, पण ती चांगली दिसत नव्हती एवढं नक्की.

मी भिंतीवर टकटक केली. हळू करायची होती, जोरात झाली.

टाचणीबाई आल्या. मोरीच्या दारात उकिडव्या बसल्या आणि राणीकडे बघितलं. "अगं बाई," एवढंच म्हणाल्या. मला वाटलं, संपलं. आता चौघी जाणार, मी पण जाणार, आणि मालकीणबाईंचं बाळ…

"मी आहे गं," त्या म्हणाल्या.

आवाज ऐकताच राणी उठली. दोन पावलं टाकली आणि बादलीवर धडकली. मागे फिरली, भिंतीवर धडकली. मग पुन्हा जिथे होती तिथे येऊन बसली आणि मान आत घेतली. पाण्याचं भांडं तिच्यापासून वीतभर होतं.

"भाऊ, हिला इथलं काही माहीतच नाही हो," टाचणीबाई म्हणाल्या. "पाणी कुठे, खाणं कुठे. मी भांडं बोटभर हलू देत नाही आणि अख्खं घरच हलवलं. अक्कल शेण खायला गेली माझी."

"म्हणजे आजार नाही?"

त्यांनी भांडं तिच्या चोचीला लावलं, पण तिने मान आणखीच आत ओढली. मग म्हणाल्या, "ते मला तरी कुठे माहीत? तिच्या जागी नेऊन सोडली तरच कळेल."

त्याच वेळी गल्लीच्या तोंडाशी गाडी थांबल्याचा आवाज आला. मी खिडकीतून पाहिलं. डोक्यापासून पायापर्यंत पांढऱ्या पोशाखातली माणसं उतरत होती. कोपऱ्यावरच्या घरात शिरली. तिथून पुढे आमचीच पाळी.

"आत्ता नको," मी म्हटलं. "ते गेल्यावर न्या."

"कालपासून पाणी नाही पोटात. ते जाईपर्यंत ही राहील का?"

"पण बाहेर पडलात की दिसाल ना!"

"माहितीय," त्या म्हणाल्या. राणीला उचलताना ती दोनदा निसटली. शेवटी एक मोठा पांढरा पडदा, कुणीतरी आखूड करायला दिलेला, तिच्यावर टाकून त्यांनी तिला छातीशी धरलं. मी दार उघडलं. माझ्या दारापासून त्यांच्या दारापर्यंत चार हात व्हरांडा, पण त्या दिवशी तो ओलांडता ओलांडेना. त्या अर्ध्यावर होत्या आणि फाटकातून पांढऱ्या पोशाखातली जनावरांची डॉक्टरीणबाई आत आली. मागे दोन माणसं, हातात पिशव्या. जिन्यावर मालकीणबाई, हातात खराटा.

"थांबा," ती डॉक्टरीणबाई म्हणाली. "काय आहे त्यात?"

 टाचणीबाईंनी पडदा काढला.

"कोंबडी आहे. आंधळी आहे. आजची नाही, जन्माची." आणि मग एका दमात, "अजून दोघी यांच्या मोरीत आहेत, त्यांची मान नि पाय वाकडे आहेत, तेही जन्माचे. मी लपवल्या. यांचा काही दोष नाही, हे भित्रे आहेत, नाही म्हणता येत नाही यांना."

मला वाईट वाटायला हवं होतं, पण वाटलं नाही.

आम्ही सगळे मागच्या अंगणात गेलो; वाटेत मालकीणबाईंनी बाळाचं सांगून टाकलं. कात्री वाटीत तोंड घालून होती, तिने कुणाची दखल घेतली नाही. "मी आहे गं," म्हणत टाचणीबाईंनी राणीला शेडच्या दारात ठेवलं. राणी उभी राहिली. नुसतीच उभी. पिशवीवाल्यांपैकी एकाने पिशवीचं तोंड उघडलं, त्याचा खरखर आवाज झाला. मी डोळे मिटले. उघडले तेव्हा राणी चालत होती. पायाने माती चाचपली, डावीकडे वळली, थेट भांड्यापाशी गेली आणि प्यायली. मान वर, घोट खाली, पुन्हा मान वर. कितीतरी वेळ पीत होती.

"तहानलेली होती," डॉक्टरीणबाई म्हणाली. टाचणीबाई रडायलाच लागल्या. पण डॉक्टरीणबाई थांबली नाही. "पाणी प्यायली म्हणजे आजार नाही, असं होत नाही हं. चौघींचे नमुने घेणार आहे. आणि तुम्ही केलंत काय, कळतंय का? आजार असता तर तो या आजोबांच्या न्हाणीघरात नेऊन सोडला असता तुम्ही. वर बाळ येणार म्हणताहेत या. मला बोलवून सांगितलं असतंत, तर मी ऐकलं नसतं का?"

तिचं म्हणणं बरोबर होतं. आम्ही दोघं म्हातारी माणसं मान खाली घालून उभी होतो. मोरीतल्या दोघींनाही आणवून तिने चौघींच्या घशातून कापसाची काडी फिरवून नमुने घेतले. तिरपीला धरायला मीच पुढे झालो, कारण तिला कुठून धरायचं हे मला माहीत होतं. दारावर कागद चिकटवला गेला. अहवाल येईपर्यंत आम्ही दोघांनी बाहेर जायचं नाही. एकीचा जरी वाईट आला तर चौघी जाणार.

कागद पाहून गिऱ्हाइकं आपापले कपडे परत मागायला आली. फाटकाबाहेरूनच. एक जण तर एकाच बाहीचा शर्ट घेऊन गेला. "अहो, दुसरी बाही?" टाचणीबाईंनी विचारलं. "राहू द्या, राहू द्या," म्हणत तो पळालाच. मशीन बंद, त्यामुळे भिंत गप्प. मधूनच टकटक व्हायची.

"भाऊ, ताप?"

"नाही. कोंबड्या?"

"खाताहेत."

एवढंच. दुसरं काही विचारायची हिंमत दोघांनाही नव्हती. कुठे गाडी थांबली की भिंतीच्या दोन्ही बाजूंना श्वास थांबायचा. एकदा त्या म्हणाल्या, "समजा आलेच न्यायला, तर राणीला मीच पिशवीत घालीन. त्यांना तिच्याशी आधी बोलायचं माहीत नाही."

अहवाल घेऊन डॉक्टरीणबाई स्वतः आली, स्कूटरवरून, साध्या कपड्यांत. चेहरा तेव्हा पहिल्यांदा दिसला. चौघी निरोगी. तिने कागद फाडून काढला, राणीसमोर उकिडवी बसली आणि म्हणाली, "मी आहे गं." टाचणीबाईंनी तिला चहा दिला. मला वाटलं, सुटलो.

दोन दिवसांनी मालकीणबाई खाली आल्या. दारातच उभ्या राहिल्या. "मला नावं नका ठेवू. अहवाल चांगला आला, मला दिसलं. पण मुलगी म्हणते, खाली कोंबड्या असतील तर मी बाळाला घेऊन पायरी चढणार नाही."

"बाळ केवढं आहे?" टाचणीबाईंनी विचारलं.

"आत्ता कुठे पालथं पडतंय."

"मग बरोबर आहे तिचं."

मालकीणबाई गेल्यावर मी म्हटलं, "ताई, तुम्ही भांडत का नाही?"

"घाबरलेल्या माणसाशी काय भांडायचं, भाऊ? मी घाबरले तेव्हा कुणाचं ऐकलं होतं?"

"मग कोंबड्या पाठवा भाचीकडे. तिची रोपवाटिका आहे ना, जागा आहे."

"आणि फाकडीला कोण धुणार? भाचीला डास मारताना रडू येतं." मग म्हणाल्या, "मीच जाते त्यांच्याबरोबर."

त्या पुढच्या दिवसांत त्यांनी शिवणाची टेप घेऊन शेडचं माप घेतलं. दारापासून भांडं किती, भांड्यापासून वाटी किती, दांडा जमिनीपासून किती. गिऱ्हाइकाचं घेतात तसं, ओठात टाचण्या धरून. भाचीकडे एक चक्कर मारून तिथे तंतोतंत तशीच शेड उभी करून आल्या. "मागच्या बाजूला थोडी सैल ठेवलीय," म्हणाल्या.

गाडी आली त्या सकाळी मी सामान चढवायला मदत केली. मशीन आधी, मग फाकडीची चौकट, मग चार खोकी, प्रत्येकाला भोकं पाडलेली. राणीचं खोकं त्यांनी मांडीवर घेतलं आणि चालकाच्या शेजारी बसल्या. मला काहीतरी बोलायचं होतं. मी गाडीच्या दाराची कडी नीट लागलीय का, तेच पुन्हा पुन्हा बघत होतो.

त्यांनी नाक वर करून वास घेतला. "भाऊ, तुमच्याकडे काहीतरी करपतंय."

"दूध असेल," मी म्हणालो.

"मग जा की."